कानाकडे कायद्याचा कानाडोळा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची नजर अधू झाली की सारे घर हळहळते. त्याचे कान अधू झाले की तेच घर चिडचिडे होते. न दिसणाऱ्याचा हात धरून आपण त्याला रस्ता ओलांडून देतो आणि न ऐकू येणाऱ्यावर ‘किती वेळा सांगायचं तुम्हाला?’ म्हणून खेकसतो. आपल्या नाटक-सिनेमांतही आंधळ्याच्या वाट्याला करुणा आली आणि बहिऱ्याच्या वाट्याला हशा. त्यामुळे चष्मा नाकावर चढवताना कोणाला संकोच वाटत नाही. पण कानाच्या यंत्राचे नाव काढले की ‘एवढा काही बहिरा झालो नाही मी अजून’ हे उत्तर ठरलेले. अशी चार-सहा वर्षे हुज्जतीत जातात. शेवटी टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना असह्य होतो, फोनवर नातवाचे बोलणे कळेनासे होते, आणि एखाद्या दिवशी मुलगा वडिलांना बळेच गाडीवर बसवून ‘कानाची मशीन’ घ्यायला निघतो.

इथपर्यंतची गोष्ट घरोघरची आहे. पुढच्या गोष्टीचा मात्र फारसा कोणी विचार करीत नाही. नागपुरात सीताबर्डी, धंतोली, रामदासपेठ या भागांत दवाखान्यांची आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या दुकानांची दाटी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळपासून थेट मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंतचे रुग्ण इथे येतात. कोणत्याही मोठ्या शहराप्रमाणे इथेही कानाचे यंत्र कुठे श्रवणतज्ज्ञाच्या दवाखान्यात मिळते, कुठे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडच्या आतल्या खोलीत, कुठे एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात. आता तर मोबाइलवर बोट दाबले की पार्सल घरपोच येते. या साऱ्या ठिकाणी कानाला हेडफोन लावणारा, कागदावर आलेख काढणारा आणि ‘तुम्हाला हेच लागेल’ असे ठामपणे सांगणारा माणूस कोण असतो? त्याचे शिक्षण काय? त्याला हा अधिकार कोणी दिला? इंजेक्शन देणाऱ्या माणसाबद्दल आपण जी चौकशी करतो, ती कानाच्या बाबतीत करीत नाही. दुःखाची गोष्ट अशी की कायदाही ती पुरेशा जोराने करीत नाही.

श्रवणतज्ज्ञांच्या परवान्याचे नियम नव्याने लिहिण्याची वेळ आली आहे, असे म्हणावेसे वाटते ते यामुळेच. आणि ते लिहिताना केवळ पदवीचा कागद डोळ्यांपुढे ठेवून चालणार नाही. कान तपासणे आणि यंत्र बसवणे ही जी प्रत्यक्ष कृती आहे, तिलाच परवाना जोडला गेला पाहिजे.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे या विषयात कायदाच नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेला संसदेने १९९२ साली कायदा करून वैधानिक दर्जा दिला आणि १९९३ पासून ती त्या नात्याने काम करू लागली. अपंगांच्या पुनर्वसनाचे काम करणारे जे व्यावसायिक या कायद्याच्या यादीत आहेत, त्यांत श्रवणतज्ज्ञ आणि वाचोपचारतज्ज्ञ आहेत. श्रवणयंत्र व कानातला साचा तयार करणारे तंत्रज्ञही आहेत. परिषद केंद्रीय नोंदवही ठेवते. मान्यताप्राप्त पदवी वा पदविका घेऊन या नोंदवहीत नाव घातल्याशिवाय कोणीही देशात कुठेही हा व्यवसाय करू नये, सरकारी नोकरीत ते पद धारण करू नये आणि त्यासंबंधीच्या प्रमाणपत्रावर सही करू नये, असे कायदा स्पष्ट सांगतो. नोंदणीचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी चर्चासत्रांना, वर्गांना हजर राहून गुण मिळवावे लागतात.

वाचायला हे सारे भक्कम वाटते. पण कायद्याचे खरे वजन कलमाच्या शेवटी, शिक्षेत कळते. हे बंधन मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद १९९२ साली लिहिली गेली. साध्या यंत्राची एक जोडी विकून त्याच्या कितीतरी पट नफा सुटतो. शिवाय, परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने लेखी तक्रार केल्याखेरीज न्यायालयाला अशा गुन्ह्याची दखलच घेता येत नाही. परिषदेचे कार्यालय दिल्लीत. म्हणजे आरमोरी किंवा धारणी इथल्या एखाद्या शेतकऱ्याची फसवणूक झाली, तर त्याने दिल्लीला पत्र पाठवायचे, तिथल्या अधिकाऱ्याने मनावर घ्यायचे आणि मग न्यायालयाचे दार उघडायचे. असे किती जण करतील, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. व्यावसायिक कोण, याची यादी कायदा देतो. पण कोणते काम केवळ त्यानेच करावे, हे सांगत नाही. यंत्र विकणारा माणूस म्हणू शकतो, ‘मी कुठे श्रवणतज्ज्ञ म्हणवतो? मी तर विक्रेता आहे.’ फलकावर ‘हिअरिंग सेंटर’ असे लिहिले, नावामागे कोणतीच पदवी लावली नाही, आणि आत मात्र तपासणी, निदान, यंत्राची निवड, जुळवणी सारे काही केले, तर त्याला कोणत्या शब्दात पकडायचे?

विक्रीचा दुसरा कायदा आहे, पण त्याची नजर वस्तूवर आहे. २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आली. २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ती विकणाऱ्यालाही नोंदणी सक्तीची झाली. ही चांगलीच गोष्ट. पण त्या नोंदणीसाठी दुकानात जो ‘सक्षम तांत्रिक कर्मचारी’ लागतो, तो कोणत्याही विषयाचा पदवीधर, नोंदणीकृत फार्मासिस्ट किंवा बारावी उत्तीर्ण आणि अशा उपकरणांच्या विक्रीचा वर्षभराचा अनुभव असलेला चालतो. थर्मामीटर किंवा रक्तदाबाचे यंत्र विकायला एवढी पात्रता पुरेशी असेल. कानाच्या यंत्राला तीच मोजपट्टी लावणे म्हणजे काठी आणि कृत्रिम पाय एकाच दुकानात एकाच मापाने विकण्यासारखे आहे. एक कायदा माणसाकडे पाहतो पण त्याचे काम पाहत नाही; दुसरा वस्तू पाहतो पण ती कोणाच्या कानात कशी जाते ते पाहत नाही. या दोहोंच्या मधल्या फटीत ग्राहक उभा आहे.

यंत्र म्हणजे चष्मा नव्हे

‘त्यात एवढे काय आहे? आवाज मोठा करणारी डबीच ना?’ असे अनेकांना वाटते. वास्तविक, म्हातारपणी बहुतेकांचा सगळा आवाज सारखा कमी होत नाही. उंच पट्टीचे सूर आधी जातात. त्यामुळे ‘आ’, ‘ओ’ यांसारखे स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजने निसटतात. ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ वाटते, ‘सात’चा ‘हात’ होतो. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही आजोबांची तक्रार म्हणजे बहाणा नव्हे. ते रोगाचे अगदी अचूक वर्णन आहे. सुनेचे आणि नातवंडांचे बोलणे कळत नाही आणि मित्राचे कळते, म्हणून ‘यांना हवे तेवढेच ऐकू येते’ असा जो टोमणा मारला जातो, त्याचेही उत्तर यातच आहे. बायकांचे आणि मुलांचे आवाज उंच पट्टीत असतात.

अशा कानावर सगळाच आवाज सरसकट वाढवणारी डबी बसवली तर काय होते? भांड्यांचा खणखणाट आणि रस्त्यावरचे हॉर्न डोक्यात घण घालतात, शब्द मात्र पूर्वीइतकेच धूसर राहतात. काही कानांची सोसण्याची मर्यादाही कमी झालेली असते. त्यांना मंद आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सहन होत नाही. म्हणून आवाजरोधक खोलीत, वेळोवेळी प्रमाणित केलेल्या ऑडिओमीटरवर २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतच्या वेगवेगळ्या स्वरांवर दोन्ही कान स्वतंत्रपणे तपासावे लागतात. शब्द किती कळतात हे पाहावे लागते. त्यावरून यंत्र जुळवावे लागते आणि पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा पुन्हा बोलावून ते सुधारावे लागते. गरजेपेक्षा जास्त जोर दिलेले यंत्र उरलेसुरले ऐकणेही खराब करू शकते. आपल्या ओळखीतल्या किती घरांत कपाटाच्या खणात पडलेले, ‘शिट्टी वाजते’ म्हणून काढून ठेवलेले यंत्र आहे, हे आठवून पाहा. बऱ्याचदा दोष यंत्रात नसतो, ते बसवण्यात असतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की काही वेळा यंत्र न बसवणे हेच योग्य असते. कानात नुसता मळ साचलेला असतो. पडद्याला भोक पडून कान वाहत असतो. अशा कानात साचा कोंबणे म्हणजे रोगाला खतपाणी. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले असेल तर ती तातडीची बाब असते, पहिल्या काही दिवसांतच औषध सुरू व्हावे लागते. एकाच कानाची श्रवणशक्ती हळूहळू घटत असेल तर क्वचित का होईना, श्रवणाच्या नसेवरची गाठ हे कारण निघते. शिकलेला श्रवणतज्ज्ञ अशा रुग्णाला ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ म्हणून परत पाठवतो. परवान्याची खरी किंमत इथे आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमातून माणूस यंत्र विकायला शिकतो त्यापेक्षा केव्हा विकू नये हे शिकतो. विक्रीवर ज्याचे पोट आहे आणि ज्याला कोणतेही बंधन नाही, त्याने आलेले गिऱ्हाईक परत पाठवावे ही अपेक्षा भाबडी ठरते.

लहान मुलांचे काय

म्हाताऱ्यांच्या बाबतीत चूक झाली तर पैसा जातो आणि मनस्ताप होतो. लहान मुलांच्या बाबतीत चूक झाली तर भाषा जाते. जन्मतः ऐकू न येणारे मूल दिसायला इतर मुलांसारखेच असते. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही उशिरा बोलायला लागले होते’ असे आजी-आजोबांचे धीराचे शब्द ऐकत दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि मेंदू भाषा शिकण्याची सर्वांत सुपीक वर्षे तीच असतात. म्हणूनच जगभर मान्य झालेला ठोकताळा असा की जन्मानंतर महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत. इतक्या लहान जिवाला ‘आवाज आला का?’ असे विचारता येत नाही. त्याला झोपवून, डोक्याला वायरी लावून, आवाजाला मेंदूकडून मिळणारा विद्युत प्रतिसाद मोजावा लागतो, ज्याला ‘बेरा’ चाचणी म्हणतात. तो आलेख चुकीचा वाचला गेला तर ऐकू येणाऱ्या मुलाला यंत्र लागते, किंवा ऐकू न येणाऱ्याला ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवले जाते.

केंद्र सरकारने २००६-०७ पासून बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे गरीब मुलांसाठी काही लाखांचे कॉक्लिअर इम्प्लांट सरकारी योजनेतून मिळू लागले. पण शस्त्रक्रिया ही सुरुवात असते. त्यानंतर इम्प्लांट वारंवार जुळवावे लागते आणि मुलाला ऐकायला व बोलायला शिकवावे लागते. हे काम आईच्या आणि श्रवण-वाचा तज्ज्ञांच्या हातून वर्षानुवर्षे व्हायचे असते. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयासारख्या शाळांतले शिक्षक हे कष्ट काय असतात ते सांगू शकतील. मग प्रश्न असा, की पदवी घेऊन एकदा नाव नोंदवलेला प्रत्येक जण तान्ह्या मुलाचे निदान, इम्प्लांटची जुळवणी आणि आजोबांचे यंत्र ही तिन्ही कामे सारख्याच अधिकाराने करू शकतो, हे मान्य करायचे का? डॉक्टरीत आपण ते मान्य करीत नाही. हाडाच्या डॉक्टरांकडे डोळे दाखवायला कोणी जात नाही.

अपंगत्वाच्या चौकटीबाहेरचे बहिरे

आजच्या नियमांची मूळ घडणच अपुरी का पडते, याचे कारण त्यांच्या जन्मात आहे. १९९२ मध्ये हा विषय ‘अपंगांचे पुनर्वसन’ म्हणून पाहिला गेला आणि समाजकल्याणाच्या खात्याकडे गेला. त्या काळात ते पाऊल पुढचेच होते. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबलपर्यंत तूट असल्याखेरीज माणूस श्रवणदोषाच्या व्याख्येत बसत नाही. पंचेचाळीस-पन्नास डेसिबलची तूट असलेले निवृत्त शिक्षक किंवा रेल्वेचे पेन्शनर दिव्यांग नाहीत आणि धडधाकटही नाहीत. घरात चारचौघांत बसून ते गप्प गप्प होत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना काही ना काही प्रमाणात कमी ऐकू येते आणि त्यांतल्या ४३ कोटींना उपचाराची किंवा यंत्राची गरज आहे. वाढत्या वयात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या कारणांत तज्ज्ञ आता बहिरेपणाचा समावेश करतात. मग हा विषय पुनर्वसनाइतकाच सार्वजनिक आरोग्याचा नाही काय?

विदर्भाच्या बाबतीत त्याला आणखी एक बाजू आहे. उमरेड, सावनेर, वणी, चंद्रपूर इथल्या कोळशाच्या खाणी, कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रे, हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने यांत माणसे जन्मभर आवाजात काम करतात. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कळवणे सक्तीचे असलेल्या आजारांच्या यादीत कारखाना कायद्याखाली होता आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही तो कायम आहे. पण असा आजार कळवायचा तर आधी कोणीतरी तो नीट मोजला पाहिजे. कामगाराची नुकसानभरपाई ज्या आलेखावर ठरणार, तो आलेख काढणारा कोण, हा प्रश्न इथेही येऊन उभा राहतो.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. भौतिकोपचारतज्ज्ञ, दृष्टितपासनीस, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ अशा अनेकांना त्यात स्थान मिळाले आणि राज्याराज्यांत परिषदा स्थापण्याची तरतूद झाली. श्रवणतज्ज्ञ मात्र जुन्याच घरात राहिले. चष्म्याचा नंबर काढणारा आरोग्य व्यावसायिक आणि कानाचा आलेख काढणारा पुनर्वसन व्यावसायिक, ही विभागणी सामान्य माणसाला समजावून सांगणे अवघड आहे. श्रवणतज्ज्ञांनी कोणत्या मंत्रालयाखाली असावे हा वाद ते आणि सरकार घालोत. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की तक्रार घेणारी आणि चौकशी करणारी यंत्रणा राज्यात, शक्य तर विभागात असावी.

पैसा पोचतो, तज्ज्ञ पोचत नाही

हे सारे आजच निकडीचे का झाले? कारण सरकार स्वतःच आता यंत्रांचे मोठे ग्राहक झाले आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये आली. तिच्यातून गरीब ज्येष्ठांना काठ्या, चष्मे, व्हीलचेअर यांच्याबरोबर श्रवणयंत्रे दिली जाऊ लागली. २०२२ साली नागपुरातही तिची मोठी शिबिरे झाली. २०२४ मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली आणि पासष्टी ओलांडलेल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या ज्येष्ठांच्या खात्यात साहित्यासाठी एकरकमी तीन हजार रुपये जमा करण्याचे ठरवले. त्या साहित्याच्या यादीत श्रवणयंत्र आहे. हेतू चांगलाच आहे. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या आजीच्या खात्यात तीन हजार जमा झाल्यावर ती ते घेऊन कुठे जाणार? जिथे त्या रकमेत काहीतरी मिळेल तिथे. आणि त्या रकमेत तपासणी, जुळवणी व नंतरच्या फेऱ्या यांचा खर्च बसवायचा कोणी? योजनेने यंत्र दिले, ते ऐकू येईल याची जबाबदारी कोणावरच टाकली नाही.

नुसती पदवी वाढवून भागणार नाही

नियम कडक करा म्हटले की पहिला विचार पात्रता वाढवण्याचा येतो. अमेरिकेने तो मार्ग धरला. तिथल्या व्यावसायिक संघटनेने २०१२ पासून प्रमाणपत्रासाठी डॉक्टरेट आवश्यक केली. तपासणी महाग झाली, यंत्रे तर महाग होतीच. आणि शेवटी २०२२ मध्ये तिथल्या सरकारला सौम्य ते मध्यम तूट असलेल्या प्रौढांसाठी दुकानातून थेट, चिठ्ठीविना यंत्र विकण्याची परवानगी द्यावी लागली. तीही सरसकट नव्हे. अठरा वर्षांखालच्यांना ती यंत्रे विकता येत नाहीत, आवाजाच्या जोराला मर्यादा आहे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे हे वेष्टनावर छापावे लागते. ब्रिटनने वेगळा रस्ता धरला. तिथे १९६८ सालीच यंत्र विकणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज ‘श्रवणयंत्र वितरक’ हे नाव वापरायलाच नोंदणी लागते. म्हणजे त्यांनी परवाना विक्रीच्या मेजापाशी नेऊन ठेवला.

आपल्याकडे तज्ज्ञ आधीच थोडे. या विद्येची जुनी शिक्षणकेंद्रे म्हणजे मुंबईचे नायर रुग्णालय, म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि १९८३ मध्ये वांद्र्याला सुरू झालेली अली यावर जंग संस्था. तिथून शिकलेला तरुण भामरागड किंवा मेळघाटात दवाखाना थाटेल ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. पदवीची अट उंचावली तर मुंबई-पुण्याचा रुग्ण अधिक सुरक्षित होईल आणि एटापल्लीच्या रुग्णाला आहे तेही मिळणार नाही. शिवाय गेली वीस-पंचवीस वर्षे प्रामाणिकपणे यंत्रे विकणारे, दुरुस्त करणारे अनेक जण आहेत. त्यांना एका रात्रीत गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे होईल, आणि नियम म्हटला की तपासनीस आणि हप्ता आला ही त्यांची धास्तीही अगदीच निराधार नाही.

तेव्हा परवाना पायऱ्यांचा असावा. गावपातळीवर आशा सेविका आणि आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांनी केवळ चाळणी करावी. दुसऱ्या पायरीवर तंत्रज्ञ. कायद्याच्या यादीत तो १९९२ पासून आहेच. अनुभवी विक्रेत्यांना ठराविक मुदत देऊन, छोटे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष परीक्षा घेऊन या पायरीवर सामावून घ्यावे. प्रौढांच्या साध्या केसेसमध्ये त्याने श्रवणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली यंत्र बसवावे. ही देखरेख आता दूरस्थही होऊ शकते, कारण आलेख आणि यंत्राची जुळवणी दोन्ही संगणकावरून पाहता येतात. तिसऱ्या पायरीवर पदवीधर श्रवणतज्ज्ञ. निदान आणि गुंतागुंतीच्या केसेस त्याच्याच. आणि तान्ह्या मुलांचे निदान व इम्प्लांटची जुळवणी यांसाठी त्याच्याही परवान्यावर वेगळा शेरा असावा, जो प्रत्यक्ष काम दाखवूनच मिळेल. नूतनीकरणाच्या वेळी किती चर्चासत्रांना खुर्ची गरम केली याबरोबरच ऑडिओमीटर शेवटचा केव्हा प्रमाणित केला, हेही विचारावे.

याच्या जोडीला तीन साध्या गोष्टी हव्यात. उपकरण विक्रीच्या नोंदणीत श्रवणयंत्रापुरती स्वतंत्र अट घालून नोंदणीकृत श्रवणतज्ज्ञाचा वा तंत्रज्ञाचा क्रमांक सक्तीचा करावा; तो क्रमांक भिंतीवर, आलेखावर आणि बिलावर छापलेला असावा. दंडाची रक्कम आजच्या काळाला साजेशी करून तक्रारीचा अधिकार राज्यातल्या यंत्रणेला द्यावा. आणि काही आठवडे वापरून पाहण्याची मुदत व न जुळल्यास परताव्याची अट प्रत्येक विक्रीला लागू करावी. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असलाच पाहिजे हे तत्त्व या देशाने १९४८ सालच्या कायद्यात स्वीकारले. कानासाठी तेवढेच मागणे काही जगावेगळे नाही.

तोवर घराने काय करावे

कायदा बदलायला वेळ लागतो. घराने त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. यंत्र घ्यायला जाताना प्रथम कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवावा. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत तो विभाग आहे. तपासणाऱ्याला त्याचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि नोंदणी चालू आहे ना, हे पाहावे. जो खरा आहे त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. तपासणीच्या आलेखाची प्रत मागून घ्यावी. ती रुग्णाची आहे, दुकानाची नाही. ‘जुळवणीसाठी पुन्हा किती वेळा याल?’ हे पैसे देण्याआधी विचारावे. वर्षभराचे मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी एकही शब्द बोलत नसेल, तर कोणाच्याही धीराच्या शब्दांवर विसंबू नये. आणि घरातल्या आजोबांना यंत्राबद्दल चिडवू नये. ते लावायला लागणारा धीर चष्म्यापेक्षा मोठा असतो.

ग्राहक प्रश्न विचारू लागले की दुकानदार उत्तरे तयार ठेवू लागतात, आणि ग्राहकांची संख्या वाढली की लोकप्रतिनिधींनाही ते प्रश्न ऐकू येऊ लागतात. नागपुरात दर हिवाळ्यात विधिमंडळाचे अधिवेशन भरते, मोर्चे निघतात, घोषणांनी सीताबर्डी दणाणून जाते. ज्यांना घोषणाच ऐकू येत नाहीत, त्यांचा मोर्चा आजवर निघाल्याचे आठवत नाही. त्यांच्या वतीने हा प्रश्न सभागृहात मांडण्याचे काम आता त्यांच्या ऐकू येणाऱ्या लेकासुनांनी आणि त्यांनी निवडून दिलेल्या आमदार-खासदारांनी केले पाहिजे.